ओट्यासमोरची भिंत

ताईला माणसांची पारख चादरींवरून होती. एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात धुलाईखातं होतं, तिथंच तिची सगळी नोकरी झाली. आधी कपडे पिळणारी, मग घड्या घालणारी, शेवटी खात्याची मुख्य. वरच्या मजल्यांवरून गाड्या भरभरून कपडे खाली यायचे, आणि कुठल्या डॉक्टरनं कोटाला हात पुसले, कुठल्या नर्सनं चादर न झटकता तशीच गोळा करून टाकली, हे तिला कुणी सांगावं लागायचं नाही. एखाद्याबद्दल तिचं मत एकदा झालं की झालं. खात्यातल्या बायका तिला माघारी ‘कडक इस्त्री’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

त्या तळघराला खिडकी नव्हती. दिवसभर दिवे, वाफ आणि यंत्रांची घरघर. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे खाली येणाऱ्या माणसाच्या चपला बघून ओळखायचं. अशा जागी उमेदीची वर्षं काढलेल्या बाईनं स्वतःच्या घरात काय मागावं? तिनं एक खिडकी मागितली. स्वयंपाकघरात, ओट्याच्या बरोबर समोर. भाजी चिरताना मान वर केली की बाहेरची गल्ली दिसावी, एवढंच. दारं कुठं, जिना कसा, न्हाणीघर कुणीकडं, यातलं काहीएक तिनं विचारलं नाही. ते सगळं धाकट्यावर सोडलं.

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ, तेव्हा नुकताच आर्किटेक्ट झालेला. कॉलेजात होता तेव्हा खांद्याला प्लास्टिकची लांब नळी अडकवून फिरायचा. तिच्यात नकाशे असतात असं त्याचं म्हणणं. ताईच्या मते नळी बहुतेक वेळा रिकामीच असायची आणि तो ती नुसती मिरवायचा. पण आपल्या घरातला पहिला एवढा शिकलेला मुलगा, त्याला पहिलं काम आपणच द्यायचं, असं तिच्या मनानं घेतलं. आयुष्यात ती भोळेपणानं एकदाच वागली, आणि तेवढं एकदा पुरलं.

घर उभं राहिलं. ओट्यासमोर भिंत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी, करडी, गुळगुळीत भिंत.

“खिडकी कुठाय?” ताईनं विचारलं.

“ताई, खिडकी सगळ्यांच्याच घरात असते,” धाकटा म्हणाला. “ही भिंत बघ ना जरा. किती शांत आहे! हिच्याशी बोलायला शिक.”

“मला भाजी चिरायची आहे. भिंतीशी काय बोलू? मी काय वेडी आहे?”

धाकटा हसला. लहान पोरानं काहीतरी बोबडं बोलावं आणि मोठ्यांनी कौतुकानं हसावं, तसं. ताईला तिथंच त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला होता, पण वास्तूत नव्यानं पाऊल टाकलेलं, पाहुणे बसलेले, म्हणून तिनं हात आवरला. उद्या गवंड्याला बोलावून पाडून घेते खिडकी, एवढं मात्र तिनं बोलून दाखवलं. तसा धाकट्याचा चेहरा गंभीर झाला.

“तसलं काही करू नकोस. वरचा सगळा भार त्या भिंतीवर आहे. तिथं भोक पाडलंस तर घर अंगावर येईल. माझं ऐक, मी शिकलोय हे.”

आणि ताईनं ऐकलं. दवाखान्याच्या मोठ्या सर्जनला “कोटाच्या खिशात सुया ठेवू नका, माझ्या बायकांच्या हातात घुसतात” असं तोंडावर सुनावणारी बाई, पण भाऊ शिकलाय म्हटल्यावर तिनं मान खाली घातली.

तिचा नवरा बसडेपोत गाड्यांच्या वेळा लावायचं काम करी. भांडण या माणसाला ठाऊक नव्हतं. कुणी काहीही म्हणालं की तो “बरोबर आहे” म्हणायचा. ताई म्हणाली की भाऊ गाढव आहे, तर बरोबर आहे. धाकटा म्हणाला की भिंत बोलते, तर तेही बरोबर आहे. डेपोत दोन ड्रायव्हर हातघाईवर आले तर दोघांनाही तो हेच सांगायचा, आणि नवल म्हणजे दोघंही शांत होऊन आपापल्या गाडीवर जायचे. घरात मात्र या मंत्राचा ताईला काडीचा उपयोग झाला नाही.

भिंत तर भिंत, बाकीच्या घराची तऱ्हाही सांगण्यासारखी होती. झोपायच्या खोलीचा एक कोपरा धाकट्यानं तिरका घेतला होता, तिथं कपाट मावेना. जिन्याला कठडा नव्हता, कारण कठड्यानं म्हणे रेघ तुटते. ताईची सासू येऊन राहिली तेव्हा रेघेची पर्वा न करता बसत बसत जिना उतरायची. न्हाणीघराचं दार उघडलं की आतल्या माणसाच्या गुडघ्यावर आदळायचं. आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही सक्त ताकीद. ताईनं एकदा कॅलेंडर लावलं. पुढच्या खेपेला धाकटा आला, त्यानं खिळ्यासकट कॅलेंडर काढलं आणि भोक बुजवून वरून रंग लावला. करड्या रंगाची डबी त्यानं येतानाच पिशवीतून आणली होती.

“याला अक्कल नाही,” ताई नवऱ्याला म्हणायची. “पुस्तकं वाचली, पण माणूस घरात राहतो म्हणजे काय करतो, हे याला कुणी शिकवलंच नाही. मूर्ख आहे बिचारा.” त्या ‘बिचारा’मध्ये तिनं त्याला इतकी वर्षं सांभाळून घेतलं. मूर्ख माणसावर किती दिवस रागावणार? धुलाईखात्यात नवी पोरगी पांढऱ्यात रंगीत टाकते, तेव्हा तिला ओरडायचं आणि सोडून द्यायचं. भावालाही ती तसंच ओरडायची आणि सोडून द्यायची.

पुढं धाकट्याच्या गिऱ्हाइकांनी एकेक करून पाठ फिरवली. एका दुकानदाराला त्यानं असं दुकान काढून दिलं होतं की रस्त्यावरून माल दिसेना. दुकानदारानं तोंडाला येईल ते ऐकवलं, आणि त्याच सुमारास धाकट्याला साक्षात्कार झाला की आपण मुळात चित्रकार आहोत. अमूर्त चित्रकार. म्हणजे चित्रात माणूस नाही, झाड नाही, काही नाही. रंग आणि आकार बोलतात. ताईला ही निवड चांगलीच समजली. चित्रात कुणाला राहावं लागत नाही, ही तिच्या मते भावाच्या दृष्टीनं चित्रकलेची सगळ्यात मोठी सोय होती.

सुरुवातीला ती त्याच्या कामाच्या जागी एकदोनदा जाऊन आली. जुन्या गोदामाचा वरचा मजला. इतर चित्रकारांकडं असतो तसला पसारा नाही. ब्रश लांबीप्रमाणं लावलेले, टेबलावर गुण्या, पट्ट्या, कागदी चिकटपट्टीची भेंडोळी. धाकटा आधी पेन्सिलीनं कॅनव्हासवर जाळी आखायचा, मग पट्ट्या चिकटवून एकेक भाग बंद करायचा आणि करड्या रंगाचे हात देत बसायचा. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. रंग फेकणाऱ्या, ओघळ सोडणाऱ्या चित्रकारांना तो नाकं मुरडायचा. “ते रंग ओकतात, ताई. मी बांधतो.” ताई म्हणाली, “तुझं बांधलेलं मी रोज बघते.” त्याला टोमणा कळला नाही, किंवा कळूनही लागला नाही. त्याची कातडी त्याच्या भिंतींइतकीच जाड होती.

आणि गंमत बघा, चित्रं चालली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो येऊ लागला, भिंतीला टेकून, हाताची घडी, कपाळावर आठी. फोटोत हसायचं नाही हे त्यानं कुठूनतरी शिकून घेतलं होतं. आर्किटेक्टची शिस्त आणि चित्रकाराचं मन, असलं काहीतरी त्याच्याबद्दल छापून यायचं. शिस्त म्हणजे काय हे ताईला ठाऊक होतं, म्हणून तिला फार हसू यायचं.

हसू आटलं ते नवऱ्याचे गुडघे गेल्यावर. निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याचं चालणं घरापुरतं उरलं, मग खुर्चीपुरतं. पुढच्या खोलीत त्याला करमेना. ताई दिवसाचा बहुतेक वेळ स्वयंपाकघरात, म्हणून त्यानं खुर्ची तिथंच मांडून घेतली. सकाळी बसला की संध्याकाळपर्यंत समोर ती करडी भिंत. सगळा जन्म येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघण्यात गेलेला माणूस. पलीकडं हातभरावर गल्ली. सायकलींच्या घंट्या, शाळेत जाणाऱ्या पोरांचा कलकलाट, भाजीवालीची आरोळी सगळं ऐकू यायचं, दिसायचं काही नाही. तो आवाजावरून अंदाज बांधत बसायचा.

एक दिवस तो सहज म्हणाला, “इथं खिडकी असती तर बरं झालं असतं, नाही?”

या माणसानं आयुष्यात स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. ताईच्या हातातली सुरी थांबली. “घर पडेल म्हणतो ना तो,” ती म्हणाली. नवरा म्हणाला, “बरोबर आहे,” आणि पुन्हा भिंतीकडं बघू लागला. त्या दिवशी ताईला जेवण गेलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकट्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ‘भिंत’ नावाची अख्खी मालिका. “ताई, तू यायलाच हवंस, तुझ्यावाचून हे झालं नसतं,” असं त्यानं फोनवर सांगितलं, म्हणून ती गेली. आपल्यावाचून काय झालं नसतं, याची तिला उत्सुकता होती.

मोठी पांढरी खोली. बसायला एकही खुर्ची नाही. हातात नाजूक पेले धरून उभी असलेली माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव, दवाखान्यात बडा पेशंट दाखल झाल्यावर नातेवाइकांच्या तोंडावर असतो तसा. मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र. सगळं करडं, खाली डावीकडं एक पिवळा चौकोन, आणि चौकोनाच्या डोक्यावर काळी आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना थोडी पुढं गेलेली. त्याच्यासमोर एक दाढीवाला उभा होता. तो वर्तमानपत्रात चित्रांबद्दल लिहायचा, आणि तसाच बोलायचाही.

“ही काळी रेघ बघा,” तो गॅलरीवाल्या बाईंना सांगत होता. “मौनाची रेघ आहे ती. अवकाश इथं येऊन थबकतो.”

बाईंनी डोळे मिटले. ताईला वाटलं, यांना चक्कर येतेय की काय.

पण ताई चित्रासमोर उभी राहिली आणि तिला गप्प व्हावं लागलं, हे कबूल केलंच पाहिजे. करडा रंग तिच्या ओळखीचा होता. सकाळ-संध्याकाळ तिनं त्याच्यासमोर भाज्या चिरल्या होत्या. आणि तो पिवळा खरा होता. संध्याकाळी दवाखान्यातून बाहेर पडलं की अंगावर येतं, त्या उन्हाचा. चौकोनही नेमका तिथं होता, जिथं तिनं मागितला होता. भावाला रंगवता येतं, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

तेवढ्यात धाकटा बोलायला उभा राहिला. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

“मी चित्रकार झालो, तरी हात आर्किटेक्टचाच राहिला,” तो म्हणाला. “कोऱ्या कॅनव्हासवरसुद्धा माझी बाहेरची रेघ जाड येते आणि आतली बारीक. बाहेरची भिंत जाड असते, हे हाताला पाठ आहे. मापाशिवाय मला रंगवताच येत नाही. हे चित्र बघा, भिंतीच्या बरोबर पाव आकाराचं आहे. आणि भोक काढलं की वर आडवी पट्टी आल्याशिवाय माझ्या हातून ब्रश खाली ठेवला जात नाही. वरचा भार कुणीतरी पेलायला हवा ना!”

दाढीवाल्याचं मौन तिथंच तोंडावर आपटलं, पण त्याला पत्ता नव्हता. तो मान डोलवत होता.

“म्हणजे ही पट्टी म्हणजे लिंटल,” ताई मोठ्यांदा म्हणाली. खिडकीच्या डोक्यावरची ही काँक्रीटची पट्टी घर बांधलेल्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही.

“बरोबर, ताई!” धाकटा खूश झाला. “ही माझी ताई. ही भिंत तिच्याच स्वयंपाकघरातली. सगळी मालिका तिथून आली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं टाळ्या संपू दिल्या.

“मग माझ्या भिंतीत असं भोक पाडलं असतं, तर घर पडलं असतं का?”

“छे गं! लिंटलची पट्टी अख्ख्या घराला फिरवलीय, त्या भिंतीतूनही गेलीय. तिथं केव्हाही खिडकी बसली असती.”

“तू म्हणाला होतास अंगावर येईल.”

धाकटा खळखळून हसला. “तसं सांगितलं नसतं तर तू दुसऱ्याच दिवशी गवंडी आणून उभा केला असतास! भिंत गेली असती माझी.” मग पाहुण्यांकडं वळून म्हणाला, “आमची ताई फार प्रॅक्टिकल आहे.”

सगळे हसले. दाढीवालासुद्धा हसला. ताईच्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसलेला नवरा आला आणि तिच्या अंगाची लाहीलाही झाली. या शहाण्यानं एक थाप मारली होती, भिंत सुंदर दिसावी म्हणून, आणि ती जपायला तिच्या घरातल्या दोन माणसांना कामाला लावलं होतं. ओरडायला तिचं तोंड उघडलं होतं, पण त्या खोलीत ओरडली असती तर तेही या लोकांनी नाटक म्हणून बघितलं असतं आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या. तिनं पिशवीत हात घातला आणि टेप काढली. ही टेप तिच्याकडं कायम असायची. चादर मापात आहे की नाही, हे दुकानदाराच्या तोंडावर सोडायची तिची पद्धत नव्हती.

ती चित्राजवळ गेली आणि डाव्या कडेपासून चौकोनापर्यंत टेप धरली. मग खालून वर. मग चौकोनाची लांबी, रुंदी.

“बाई, चित्राला हात लावायचा नाही!” रखवालदार धावत आला.

“हात कोण लावतंय? टेप लावतेय.”

“टेपपण लावायची नाही.”

“मग तुम्ही धरा दुसरं टोक,” ताई म्हणाली, आणि रखवालदारानं गोंधळून खरंच धरलं. गॅलरीवाल्या बाईंना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ताईनं धाकट्याची स्तुती छापलेल्या पत्रकाच्या कडेला आकडे लिहून घेतले, प्रत्येकाला चारनं गुणलं आणि कुणाचा निरोप न घेता घरी आली.

गवंडी आला तो नुसता उच्छाद होता. फोनवर बोलत बोलत त्यानं भिंत ठोकली, ओट्यावर बुटांसकट चढला, आणि खिडकी उजवीकडं घ्या, वर घ्या, नाहीतर नुसता झरोका ठेवा, असे सल्ले देत राहिला. ताईनं त्याला पत्रकावरचे आकडे दाखवले आणि एक इंच इकडं-तिकडं झालं तर मजुरी विसर म्हणून सांगितलं. हातोडा बसला, विटा निसटू लागल्या. वर काँक्रीटची पट्टी होतीच, धाकटा म्हणाला होता तशी. निदान हे तरी तो खरं बोलला होता. डब्यांत, भांड्यांत, नवऱ्याच्या केसांत सगळीकडं धूळ बसली, आणि नवरा खुर्ची सोडायला तयार नाही. डोक्यावर टॉवेल घेऊन बसून राहिला.

शेवटची वीट बाहेर पडली आणि उजेड आत आला. ताईला पहिल्यांदा दिसली ती तिची भांडी. इतकी वर्षं चकचकीत समजत होती, ती तेवढी चकचकीत नव्हती. ती स्वतःशीच हसली, आणि मग तिला रडू आलं. नवऱ्यानं ते बघितलं नाही. तो बाहेर बघत होता.

सुताराकडून चौकट करून बसवली, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला. पल्ले यायचे होते. पण नवऱ्याला पल्ल्यांशी देणंघेणं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं अख्खी गल्ली आपलीशी करून टाकली. कोण कधी जातो, कोण कधी येतो, हे त्याला डेपोतल्यासारखं तोंडपाठ झालं. “काय, आज लवकर?” “काय, आज उशीर?” अशी प्रत्येकाला हाक. सुरुवातीला लोक दचकायचे. नंतर थांबून दोन शब्द बोलू लागले. शाळेची पोरं, भाजीवाली, गुरगुरणारा पेन्शनर, एकालाही तो बोलल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. इतकं बोलणं या माणसात होतं, हे ताईला संसाराच्या या टोकाला कळत होतं.

ताईनं धाकट्याला फोन केला. “भिंतीला खिडकी पाडली,” एवढंच सांगितलं. मग तो म्हणाला, “बरं. मी येतोय. गॅलरीवाले चित्रांचं पुस्तक काढतायत, त्यात मूळ भिंतीचा फोटो हवाय.” ताईला वाटलं, आता येऊन रडारड करील, निदान दोन शब्द चुकलं म्हणून बोलेल. अजूनही तिच्या मनात तो मूर्ख होता, बिचारा होता.

तो आला. मागून गॅलरीवाल्या बाई आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर. धाकट्याच्या काखेत एक फळी होती, भिंतीच्याच करड्या रंगात रंगवलेली. त्यानं चपला काढल्या, “कसे आहात भाऊजी?” म्हणाला, उत्तर यायच्या आत ओट्याशी गेला आणि फळी खिडकीच्या खोबणीत बसवली. थोडी दाबली. फळी आत सरकली आणि भिंतीशी सपाट झाली. कुठं फट नाही, कुठं फुगवटा नाही. स्वयंपाकघर पूर्वीसारखं अंधारलं.

“फक्त फोटोपुरती,” तो म्हणाला. एक पाऊल मागं होऊन त्यानं डोळे बारीक केले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“माप कुणी दिलं तुला?” ताईनं विचारलं.

“माप कशाला लागतंय?” तो फळीवरून हात फिरवत होता. “माझ्या पहिल्या नकाशात होतीच ना ही खिडकी.”

“पहिल्या नकाशात?”

“हो. तू म्हणालीस तशी आधी काढली होती. तू ओट्याशी उभी राहिलीस तर तुझे डोळे कुठं येतील, ते धरून. नंतर पुसली.”

“का?”

“तिच्याशिवाय भिंत जास्त चांगली दिसत होती.”

त्यानं हे सहज सांगितलं, मीठ कमी टाकल्याचं सांगावं तसं. ताई त्याच्याकडं बघत राहिली. म्हणजे याला सगळं कळत होतं. तिची उंची कळत होती, तिचे डोळे कुठं येतात ते कळत होतं, ती मान वर करून काय बघणार तेही कळत होतं. कळून सवरून त्यानं तिला रबरानं पुसलं होतं. तिनं मूर्ख म्हणून जपलेला भाऊ मूर्ख नव्हताच. वरच्या मजल्यावरून घाणीचा बोळा खाली टाकणारे तिनं पुष्कळ बघितले होते. त्यांना निदान खाली कोण बसलंय ते माहीत नसायचं.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. “हे काका मध्ये येतायत. यांना जरा बाजूला घेता येईल का?”

“भाऊजी, दोन मिनिटं,” धाकटा म्हणाला आणि खुर्चीच्या पाठीला हात घातला.

नवऱ्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. “नाही,” तो म्हणाला. बायकोनंही त्याच्या तोंडून नकार कधी ऐकला नव्हता. “अंधार झालाय. ते काढा.”

ताईनं फळीच्या कडेत सुरी घातली आणि फळी ओढून काढली. उजेड पुन्हा आत आला, तसे तिघंही पाहुणे डोळे चोळत उभे राहिले.

“हे भोकही फार बोलकं आहे, हं,” गॅलरीवाल्या बाई म्हणाल्या. ताईनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, आणि बाई दाराकडं सरकल्या.

“ही घे, आणि जा,” ताईनं फळी भावाच्या छातीशी टेकवली.

“ताई, एकच फोटो.”

“जा.”

“तुला यातलं काही कळत नाही, ताई. कधी कळलंच नाही.”

“नाही कळत,” ताई म्हणाली, आणि पाठ करून चहाचं आधण ठेवलं. दोन कप.

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. बाई आणि फोटोग्राफर भरभर पुढं गेले. त्यांच्यामागून धाकटा काखेत फळी घेऊन निघाला. खिडकीसमोर आल्यावर त्याची चाल मंदावली. सगळ्यांना ‘बरोबर आहे’ म्हणणारा माणूस आपल्यालाही हाक मारेल, मग चार गोड शब्द बोलून प्रकरण मिटवता येईल, असं त्याला वाटलं असावं. तो थांबला, हात वर केला आणि म्हणाला, “येतो, भाऊजी.”

नवऱ्यानं त्याच्याकडं बघितलं. खुर्चीत बसून तो त्या भिंतीकडं बघायचा, तसंच. धाकट्याचा हात हळूहळू खाली आला आणि तो चालू लागला. मग त्याच्यामागून सायकलवरून येणाऱ्या पेपरवाल्याला नवऱ्यानं हाक मारली, “काय, आज उशीर?”